पाळणाघराच्या बाजूची कड

‘बापाचं नाव काय गं तुझ्या?’

पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं तशी बनूनं ओठ घट्ट मिटले. सहा वर्षांची पोर. मांडीवरच्या धाकट्या भावाच्या, भीमाच्या तोंडाला तिनं दुधाची वाटी लावली आणि वाटीकडेच बघत राहिली.

‘मयत हाय, बाई,’ ताडपत्रीशी उभ्या असलेल्या आईनंच उत्तर दिलं. ‘पोरगी त्यो शब्दच तोंडातून काढीत न्हाई.’

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. पारनेरच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. पुरुष मुरूम खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. नगरच्या एका संस्थेनं शेजारीच ताडपत्री ताणून फुकट पाळणाघर काढलं होतं, पण ते एकट्या कमावत्या बाईच्या पोरांसाठी. घरात दुसरं कुणी कमावतं असलं, की कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर जायची आणि पोरं बाहेर. बाहेर म्हणजे उन्हात. कामावरच्या साळूबाईचं तान्हं तसंच झोळीत गेलं. दुपारी पाजायला उचललं तेव्हा कळलं. भीमापेक्षा ते महिन्यानं मोठं होतं.

‘लंकाबाई, उद्या साहेब तपासणीला येतायत,’ बाई म्हणाल्या. ‘इथल्या एका बाईनं खोटं लिहून दिलंय, असा अर्ज गेलाय कुणाचा तरी.’

आईच्या हातातली रिकामी पाटी खाली पडली. तिनं ती उचलली.

‘कपाळावर हा पांढरा डाग कसला?’

‘कुकवाचा. लवकर जात न्हाई.’

‘वर्ष झालं ना?’

‘व्हय.’

बाई दुधाच्या भांड्याकडे वळल्या. आई बनूच्या कानाशी वाकली.

‘त्यो दिसला तर?’

‘मान खाली.’

‘हाक मारली तर?’

‘आइकू आली न्हाई.’

‘शानी माजी बाय.’ आईचा हात गार होता, एवढ्या उन्हात.

तो म्हणजे तांबड्या मुंडाशाचा आसाराम. गावोगावची माणसं कामावर आली होती. कोण कुठला, कुणी विचारत नव्हतं. मुरमाच्या खाणीची पाळणाघराच्या बाजूची कड भुसभुशीत, म्हणून तिथं कुणी खणायला धजत नसे. हा मात्र रोज तिथंच. मध्येच कुदळ टेकवून ताडपत्रीखाली बघत राहायचा. कधी कुडाच्या फटीतून गुळाचा खडा आत सरकवायचा. बनू तो भीमाच्या ओठाला लावायची, उरलेला मुकाट्यानं खायची.

दिवस मावळला की आई कंदील लवकर विझवायची. ‘भिताडाकडं तोंड कर,’ म्हणायची. मग बाहेर कुणीतरी हळूच खोकायचं, आणि आई श्वास धरून झोपडीची ताटी सरकवायची. बनू डोळे गच्च मिटून घ्यायची.

मुकादम कारभारीच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं.

‘काय रं आसाराम,’ त्याच दुपारी त्यानं हटकलंच, ‘मुरूम खनतुयास का पाळनाघराची राखन करतुयास?’

‘त्येला बी पाळन्यात घाला की, मुकादम!’ झुंबरबाई ओरडली. बाया फिदीफिदी हसल्या.

‘लंकाबाई, कोन लागतो गं ह्यो तुजा?’ मुकादमानं विचारलं.

आईनं पदर कपाळावर ओढला.

‘कुनी न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्येला सांगा, माज्या पोरांकडं बघू नगंस म्हनावं.’

आसारामनं तिच्या कपाळाकडे क्षणभर बघितलं आणि पाठ फिरवली. कड खालून पोखरली की वरचा थर आपसूक ढासळतो, मेहनत वाचते. सगळेच तसं खणायचे, पण वर नजर ठेवून. त्याची कुदळ भराभर चालली. नजर वर गेली नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसती धूळ उठली.

ओढून बाहेर काढला तेव्हा मुंडासं मुरमाच्याच रंगाचं झालं होतं. कारभारीनं नाकाशी हात धरला, आणि काढून घेतला.

‘ह्याचं हितं कुनी हाय का?’

त्यानं गर्दीवरून नजर फिरवली.

‘गाव तरी ठावं हाय का कुनाला?’

आई गर्दीत उभी होती. डोक्यावरची पाटी भरलेली होती. ती उतरवायचंही तिला सुचलं नव्हतं. तिनं पाळणाघराकडे बघितलं. बाईंच्या कडेवर भीमा होता, ओठांवर दूध सुकलेलं. आईनं तोंड उघडलं. मग पदराचा बोळा दातांत धरला.

‘बेवारस लिव्हावं लागंल,’ कारभारी म्हणाला.

बनू माणसांच्या पायांमधून पुढे सरकली. आईनं तिला धरायला हात लांबवला, तो पोचला नाही. बनू गुडघ्यांवर बसली. झग्याच्या टोकानं तिनं त्याच्या मिशीवरचा मुरूम पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

‘बा, ऊठ की.’