चिरलेल्या नखाची खूण

गळाला लावायची मेलेली तारली निवडण्यात नामाचा हात धरणारं दहिवलीत कुणी नव्हतं. तारली पसंत पडली की तिच्या कल्ल्याखाली तो अंगठ्याचं नख रुतवायचा. नख मधोमध चिरलेलं, त्यामुळे खूणही दुभंगलेली उमटायची. बायकोनं, इंदूबाईनं, मऊ मासळी उचलली की तो हसायचा. "ती नको गं, गळावर टिकायची नाय."

दोन वर्षांपूर्वी उल्हास नदीनं त्याला नेलं, ते परत दिलंच नाही. तेव्हापासून दर बुधवारी इंदूबाई त्याचाच गळ घेऊन त्याच्या खडकावर जाऊन बसायची. मासा लागला काय, न लागला काय, तिला सारखंच.

आज मासळीवाल्या अक्षदानं तिच्यादेखत बर्फाची पेटी फोडली. अगदी वरच्या तारलीवर दुभंगलेली खूण होती.

"ह्या कुणी निवडून ठेवल्या गं?"

"मावशी, पेटी आता तर फोडली. माझाबी हात लागला नाय अजून."

इंदूबाईनं बर्फ बाजूला सारला. खालच्या तारलीवरही तीच खूण, तिच्याखालच्या तारलीवरही तीच.

"एवढ्या निवडल्यात," ती पेटीत वाकून हळूच म्हणाली, "अन् मला एक हाक नाय?"

मग तिनं मुद्दाम एक मऊ, पोट फुटलेली तारली उचलली आणि श्वास रोखून थांबली.

अक्षदा पाठमोरी होऊन तराजू पुसत होती. बर्फात कुणाचाच हात नव्हता. शेजारच्या कडक तारलीच्या कल्ल्याखाली सावकाश एक खळगा पडत गेला, मधोमध चिरलेला.