गुडघाभर पाण्यातलं शहाणपण

तळ्यावर मासे धरायला जाणाऱ्या त्याला सगळे बगळा म्हणायचे. उथळ पाण्यातल्या कार्प माशाला काठावरचं पाऊलही कळतं आणि सावली पडली की तो पसार होतो. म्हणून बगळा अनवाणी जायचा, दाणे टाकायचा आणि तिकडे न बघता दगडासारखा बसायचा. मासा आपणहून यायचा.

मागच्या आठवड्यात त्याने लेकीवर नको इतका आवाज चढवला आणि तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं.

"अहो, जा ना, दोन शब्द बोला तिच्याशी," बायको म्हणाली.

"वेडी आहेस का? बुजेल ती!"

त्याने सपाता काढून टाकल्या. तो गुपचूप तिच्या दाराशी ताट ठेवू लागला आणि ती बाहेर आली की भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. ताट रिकामं व्हायचं, म्हणजे युक्ती लागू पडत होती.

आज स्वयंपाकघरातून लेकीचा रडवेला आवाज आला, "आई, बाबा माझं तोंडसुद्धा बघत नाहीत गं. मी मावशीकडेच राहायला जाते."



दाराआड बगळ्याने श्वास रोखून धरला. आठवडाभरात ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती, आणि अशा वेळी जो हलला, त्याचा मासा गेला.