नातेवाईकाने बाहेर बसायचं

सात पंथांच्या चर्चनी मिळून चालवलेली आमची संस्था देशोदेशी मदत पाठवते. बैठकीतल्या एका जरी विश्वस्ताचा हात खाली राहिला, की अर्ज बारगळतो. आणि त्या कामात ज्याचं कुणी नात्यातलं असेल, त्याने मतदानाला बाहेर बसायचं. हा नियम खजिनदारांनीच आणलेला.

त्या दिवशी डोंगरावरच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचा अर्ज होता. आज नाही म्हटलं, तर उद्या तिथे कुलूप. माझ्यासकट सहा हात वर गेले, खजिनदार मात्र हाताची घडी घालून बसलेले.

"एवढ्या उंचावर कोण जातंय बाळंत व्हायला?"

"अहो, तिथे राहणाऱ्या बायका!" अध्यक्ष काकुळतीला आले.

"माझं नाही म्हणजे नाही."

मी विणकाम खाली ठेवलं. "पण खजिनदार, तिथली नर्स तुमची होणारी सून ना? लेक घरी बोलला नाही वाटतं!"

खजिनदार पांढरेफटक पडले. "नियम म्हणजे नियम," अध्यक्षांनी दाराकडे बोट दाखवलं. खजिनदार मुलाला फोन लावत बाहेर धावले, आणि सहा हातांनी अर्ज मंजूर झाला.



आता त्या नर्सची आणि खजिनदारांच्या मुलाची ओळख तेवढी करून द्यायला हवी.