नितळ बाटल्या

जुन्या जालन्यात सोनारांच्या गल्लीतल्या गटारात सापडलेल्या जिवाणूंकडून बद्रीनाथ सरांना चांदीचे नॅनो कण बनवून घ्यायचे होते. बाटलीतलं पाणी चहासारखं तांबूस झालं, की समजायचं, जमलं. चार वर्षं रोज सकाळी कॉलेजात येऊन सर बाटल्या उजेडाला धरायचे, आणि पाणी आपलं नितळच. शेवटी त्यांनी हात टेकले. 'प्रयोग फसला' असा अहवाल पाठवून प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी झाडलोट करणाऱ्या सगुणाबाईंकडे दिली.

सगुणाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"सर, मी तर बराबर ध्यान ठेवलं. एखादी बाटली चहावानी नासली, की तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तुम्ही यायच्या आत धुऊन साफ पाणी भरून ठेवीत व्हते."