वाक्यात उपयोग

सौंसरच्या यमुनेला पाहायला पांढुर्ण्याहून पाहुणे आले. मुलगा, उत्तम, शाळेत इंग्रजीचा मास्तर. बी.ए. झालेल्या मुलीला त्याने थेट विचारलं, "जेरंड म्हणजे काय?"

"क्रियापदाले आयएनजी लागून त्याचं नाम झालं, का झालं जेरंड."

"वाक्यात उपयोग करून सांगा."

पाहुण्यांसाठी पहाटेपासून चुलीपुढे बसून यमुना वैतागली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आय हेट कुकिंग."

उत्तमच्या आईला इंग्रजीचा गंध नव्हता. संत्रं सोलता सोलता तिने विचारलं, "काय म्हणून राहिली रे पोरगी?"

यमुनेने चटकन उत्तमकडे पाहिलं.

 

उत्तम हसू दाबत म्हणाला, "सैपाक लय आवडते म्हणते, आई."