घरभेट

"यादीतलं एकही घर सोडू नका हं," असं नयनानेच अंगणवाडीच्या ताईंना ऑनलाइन प्रशिक्षणात बजावलं होतं. मग टोक्योतल्या आपल्या घरी बसून, ताईंसाठी स्वतःच बनवलेलं बालविकासाचं ॲप नीट चालतंय का हे बघायला तिने आपल्याच दोन वर्षांच्या लेकीची, रेवाची, खरीखुरी उत्तरं भरली आणि नोंद पुसायला विसरली. रेवाचं नाव थेट मावळातल्या शेवंताताईंच्या यादीत, घरभेट हवी म्हणून, लाल होऊन बसलं.

चौथ्या दिवशी शेवंताताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"मॅडम, सगळी वस्ती पालथी घातली. शेवटी नोंदीतला नंबर फिरवला, तर तुम्हीच की!"

"ताई, ती नुसती टेस्ट एंट्री आहे हो."

"म्हणजे पोरगी खोटी?"

"नाही, ती खरी आहे."

"मग 'आई खेळायला बसत नाही' हे खोटं?"

नयना टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

"फिरवा कॅमेरा. घरभेट झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, तुम्हीच तसं करून ठेवलंय." टीव्हीला नाक लावून बसलेली रेवा दिसली. "अगं बाई! रोज सहाला अर्धा तास पोरीबरोबर खेळणार, म्हणा."

"खेळणार," नयना शाळकरी मुलीसारखी म्हणाली.

 

संध्याकाळी सहाला 'खेड्यातल्या आयांना खेळायची सवय कशी लावावी' यावर ऑफिसची ऑनलाइन मीटिंग रंगात आली, तेव्हा नयना-सानच्या चौकोनात नुसती खुर्ची होती. नयना रेवाला पाठीवर घेऊन, गुडघ्यांवर रांगत, बुलेट ट्रेन होऊन हळूच स्वयंपाकघराकडे निघाली होती.