आतली बाई

बाहेर स्क्रू पिळल्याचा आवाज आला, तेव्हा तिच्या केसांना साबण होता. रमलेत बाबा, बरं झालं, असं मनाशी म्हणत तिने तांब्या उचलला. चाळीस वर्षं कुलपं बसवलेला माणूस. डोक्यातलं सगळं पुसलं जात असलं तरी हात काही गप्प बसत नव्हते. म्हणून तिनेच त्यांच्यासमोर जुन्या हत्यारांचा आणि कडी-कोयंडे-कुलपांचा डबा ठेवला होता.

अंगावर गाऊन चढवून तिने न्हाणीघराचं दार ओढलं. दार हललं नाही.

"बाबा, हे काय केलंत? उघडा बघू!"

"ओरडू नका बाई." बाबा पलीकडून बोलले, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, शांतपणे. "माझ्या हातचं कुलूप आहे, तुटायचं नाही. कोण कुठल्या तुम्ही, खुशाल घरात शिरता! माझ्या लेकीची शाळा सुटायची वेळ झालीय. तिला घेऊन येतो, मग पोलिसांना बोलावतो."

ती शाळा पाडून तिथे हमरस्ता झाला, त्यालाही आता वीस वर्षं झाली. मागच्याच महिन्यात त्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला, म्हणून बाबा वाचले होते. पुढच्या दाराला तिने कुलूप घातलं होतं खरं, पण बाबांपुढे कुलूप म्हणजे पोरखेळ. फोन बाहेर राहिलेला.

"अहो, मीच तुमची मुलगी!"

"आठ वर्षांची आहे माझी मुलगी. काहीतरीच काय बोलता!"

चपला फरफटत दाराकडे निघाल्या. मग पुढच्या कुलपाशी खुडबुड सुरू झाली.

जिवावर बेतलं की माणूस काय वाट्टेल ते करतो. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईने दाराला तोंड लावलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"बाबा, मी आलेय शाळेतून. मी इथे आत आहे. मला भीती वाटतेय हो!"

यातलं शेवटचं तेवढं खरं होतं.

खुडबुड थांबली. "चिमणे? तू आत? त्या बाईजवळ?" बाबा धावत आले. कुलूप खटकन उघडलं. सुटले गं बाई एकदाची, असं म्हणत तिने दार ओढलं.

बाबा उंबऱ्यात उभे होते, हातोडा उगारून. तिच्या खांद्यावरून त्यांनी रिकाम्या न्हाणीघरात पाहिलं. मग तिच्याकडे.

"माझ्या पोरीचं काय केलंस?"